रावसाहेबांच्या गाडीतला आवाज

प्राचार्य शिराळकर माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबले. टेबलावर थरथरणारा मोबाइल त्यांनी उचलला, चष्मा सावरला आणि ते दाराबाहेर पळत सुटले. मी सवयीने व्हरांड्यापर्यंत गेले. चैत्राच्या उन्हात मैदान ओलांडून सर ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यावर चढले, एक कान तळहाताने झाकला, दुसऱ्याला फोन लावला आणि कमरेत किंचित वाकून उभे राहिले. "हो साहेब," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "हो साहेब, लगेच."

हे दृश्य पाहून आमच्या कॉलेजात तेव्हा कुणी मान वर करत नसे. संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब हुलवळे यांनी नवी गाडी घेतली होती. तिच्यात फोन खिशातच ठेवून नुसतं मोकळेपणाने बोलायची सोय होती, आणि तेव्हापासून रावसाहेबांनी संस्थेचा सगळा कारभार गाडीतूनच सुरू केला होता. अडचण एवढीच होती की, ते काय बोलतात ते कुणालाही समजत नसे. खोल रांजणात तोंड घालून कुणीतरी पुटपुटावं तसा त्यांचा आवाज येई. हे त्यांना सांगायची मात्र पद्धत नव्हती. सुरुवातीला एका मुख्याध्यापकांनी "ऐकू येत नाही" असं म्हणून पाहिलं होतं. त्यांची बदली संस्थेच्या अशा शाळेत झाली की, तिथे फोनच लागत नव्हता.

दोष आपल्या गाडीत असेल असं रावसाहेबांच्या मनात येणं शक्य नव्हतं. दोष ऐकणाऱ्यांच्या बाजूला असणार हे गृहीत धरून त्यांनी परिपत्रक काढलं होतं: अध्यक्ष महोदयांचा दूरध्वनी आल्यास तो इमारतीबाहेर येऊन, शक्यतो ध्वजस्तंभाजवळ उभे राहून स्वीकारावा. संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांतून तेव्हा माणसं अशी दिवसभर ध्वजस्तंभाकडे धावत होती.

शिराळकर सर परत आले तेव्हा घामाने चिंब झाले होते. ते पाणी प्यायले, हेडक्लार्कला त्यांनी आत बोलावलं आणि गंभीरपणे सांगितलं, "साहेब म्हणतात, स्वागतकमानीचं काम थांबवा. आधी मुलींच्या खोलीला नळ घ्या."

मला रावसाहेबांचं कौतुक वाटलं. गेल्या वर्षभरात मला ते वारंवार वाटू लागलं होतं. आधी या गृहस्थांविषयी बरंच वाईट ऐकलं होतं; पण नवी गाडी आल्यापासून त्यांनी ग्रंथालयाची वेळ वाढवली, प्रयोगशाळेची गळती काढायला लावली, वाढदिवसाची फलकबाजी बंद केली. माणूस वयानुसार बदलतो, असं मी घरी आईलाही सांगितलं होतं.

"हां, तर मॅडम," शिराळकर सर माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुवारच्या मुलाखतीचं आपण बोलत होतो."

मी तेव्हा तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. आम्ही तासागणिक पगार मिळवणारे लोक. सुट्टी लागली की बेकार, कॉलेज उघडलं की पुन्हा प्राध्यापक. पूर्ण वेळेची एक जागा अखेर मंजूर झाली होती. विद्यापीठात मी पहिली आले होते, त्या वर्गांना वर्षानुवर्षं मीच शिकवत होते, आणि वडील गेल्यापासून घर माझ्यावर होतं. ही जागा हुकली तर वयोमर्यादेमुळे पुन्हा अर्जही करता येणार नव्हता. सर म्हणाले की काळजी करू नका, बाहेरून येणारे तज्ज्ञ सज्जन आहेत, आणि समितीत संस्थेच्या वतीने मीच बसणार आहे.

एवढं बोलून ते घुटमळले. "आणखी एक आहे. साहेबांच्या गाडीचं."

झालं होतं असं की, रावसाहेबांच्या थोरल्या बहिणीने, निपाणीच्या अक्कांनी, त्यांना फोनवर विचारलं होतं, "तू काय विहिरीत पडलायस का रे?" साहेबांच्या ओळखीत संस्थेच्या पगारपत्रकावर नसलेली आणि तोंडाने फटकळ अशी ती बहुधा एकच व्यक्ती असावी. रावसाहेब हादरले. त्यांनी गाडी विक्रेत्याकडे पाठवली. तिथला माणूस म्हणाला, दोष फोनचा. फोन दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, दोष गाडीचा. दोघेही संस्थेचे माजी विद्यार्थी निघाल्यामुळे रावसाहेबांचा दोघांवरही विश्वास बसेना. तेव्हा त्यांना आठवलं की, आपण भौतिकशास्त्राचा विभाग चालवतो.

"आवाज म्हणजे फिजिक्सच ना, असं म्हणाले," सर कसनुसं हसले. "हे त्यांनी घरी बोलावून समोर बसवून सांगितलं, म्हणून समजलं."

मी म्हणाले, लगेच बघते. वास्तविक मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. पण मुलाखतीच्या तोंडावर अध्यक्षांच्या नजरेत भरण्याची संधी चालून आली होती.

सर कागदावरचं वजन उगाच इकडून तिकडे सरकवत राहिले. "घाई करू नका, मॅडम," ते म्हणाले. "यंत्राचं काम असतं. शुक्रवारी, शनिवारी सावकाश बघितलंत तरी चालेल."

"गुरुवारच्या आधी झालं तर बरं नाही का, सर?"

"आवाज घुमतो खरा," सर खिडकीबाहेर ध्वजस्तंभाकडे पाहत म्हणाले, "पण कामं चाललीयत ना आपली?"

हेडक्लार्क अजून दारात उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि समोरची फाइल उघडली. मला वाटलं, हे आपल्या लोकांचं असंच. सगळं चालतंय, तर कशाला हात लावा. त्यांच्या या सैलपणाचा मला थोडा रागही आला.

बुधवारी दुपारी मी रावसाहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब जेवून आडवे झाले होते. उठल्यावर त्यांना मुंबईला निघायचं होतं. तोवर गाडी माझ्या ताब्यात. चिंचेच्या सावलीत ती पांढरीशुभ्र गाडी उभी होती, आणि शेजारी मेहबूबभाई मुलाणी कापडाने काच पुसत होते. साहेबांच्या वडिलांच्या जीपवरही हेच चालक होते.

"मॅडम, काय ते बघा, पण वायरी सोडू नका," ते म्हणाले. "न्हाईतर मला चालत जावं लागंल मुंबईला."

मी त्यांना सांगितलं की आपण पद्धतशीर जाऊ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. वर्गात मी हेच सांगत असे. पलीकडून खरं सांगणारं माणूस मात्र हवं होतं. कॉलेजातलं कुणीही "स्वच्छ ऐकू येतंय" असंच म्हणालं असतं. मेहबूबभाईंनी बायकोला, जैबूनभाभींना, फोन लावला.

आधी गाडीशी काही संबंध न ठेवता नुसत्या फोनवरून बोललो. भाभींना नीट ऐकू आलं. त्यांनी येताना कोथिंबीर आणायला सांगितली. मग तोच फोन गाडीला जोडून बोललो. भाभी म्हणाल्या, "कोन बोलतंय? हंड्यातनं बोलल्यावानी येतंय." त्यांचा आवाज मात्र गाडीत घुमून स्वच्छ येत होता. म्हणजे फोन ठीक, गाडीतले कर्णे ठीक. आपला आवाज बाहेर जाताना कुठेतरी अडत होता. माझा फोन जोडून पाहिला, तेच. जोडणी पुसून नव्याने केली, तेच. इंजिन बंद केलं, गार हवेचा झोत थांबवला, काचा वर घेतल्या. आम्ही दोघं घामाने निथळू लागलो आणि भाभी विचारू लागल्या की तुम्ही नक्की हायसा कुठं.

शेवटी पुढच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं वेष्टणही कुणी फोडलं नव्हतं. बोलणं टिपणारा माइक चालकाच्या डोक्यावर, छतातल्या दिव्याशेजारी, बारीक भोकांच्या जाळीमागे असतो, असं त्यात चित्रासकट दिलं होतं.

मी वर पाहिलं. दिव्याशेजारी जाळी नव्हती. तिथे कैलासवासी आबा होते.

आबा म्हणजे संस्थेचे संस्थापक, रावसाहेबांचे वडील. फेटा बांधलेला त्यांचा फोटो लॅमिनेट करून जाड स्पंजाच्या चिकटपट्टीने छताला पक्का डकवला होता आणि त्याभोवती झेंडूची छोटी माळ होती. आवाज शोषून घेणारा पदार्थ म्हणून मी दरवर्षी मुलांना स्पंजच दाखवत असे.

"त्याला हात लावू नका," मेहबूबभाई एकदम हलक्या आवाजात म्हणाले. "गाडी घेतली त्या दिवशी पूजा झाल्यावर साहेबांनी सोताच्या हातानं लावलाय. आधी आबांकडं बघत्यात, मगच गाडी हलती."

मी त्यांना दोष कुठे आहे ते समजावून सांगितलं. ते फोटोकडे पाहत राहिले. एवढे दिवस रावसाहेब वडिलांच्या तोंडावर बोलत होते आणि वडील ते पुढे जाऊ देत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं; कारण मिशीतल्या मिशीत ते हसले. मग गंभीर झाले.

"मी पान खाऊन येतो," ते म्हणाले. "मी इथं नव्हतो."

ते गेल्यावर मी माळ उतरवली आणि तिचाच दोरा फोटोमागून घालून पुढेमागे ओढत स्पंज कापत गेले. संस्थापकांना इजा न होता ते हातात आले. मागे बारीक भोकांची जाळी होती. ती मी रुमालाने पुसली आणि भाभींना फोन लावला.

"आता कसं," भाभी म्हणाल्या, "शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतंय. कोथिंबिरीचं सांगितलंसा का त्यांना?"

रावसाहेबांना काय सांगायचं, ते वाक्य मी मनात तयार केलं. तुमच्या वडिलांमुळे आवाज अडतो, असं म्हणणं शक्य नव्हतं. सर, आबांना समोर, रस्ता दिसेल अशा ठिकाणी बसवलं तर अधिक शोभेल. जाळी मोकळी राहिली की आवाजही खुलेल. असं काहीतरी. वाक्य मला बरं जमलं होतं.

रावसाहेब आले. फोटो बाजूला काढून ठेवलेला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. काम करताना धक्का लागू नये म्हणून काढला, असं मी म्हणाले, ते त्यांना पटलं. जाता जाता तुम्हाला कॉलेजवर सोडतो, म्हणाले. ते पुढे मेहबूबभाईंच्या शेजारी बसले, मी आबांना मांडीवर घेऊन मागे. गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी समोरच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"प्राचार्य."

"हो, साहेब." सरांचा आवाज गाडीभर घुमला. त्यांना धाप लागली होती. पायाखालची खडी वाजताना ऐकू येत होती. ते धावत होते.

"ऐकू येतंय का नीट?"

खडीचा आवाज थांबला. सर चौथऱ्यावर पोचले असावेत.

"साहेब, जरा तुटतोय," सर म्हणाले. "कापल्यासारखा येतोय. आपण मुंबईला पोचल्यावर सावकाश बोलू या का?"

रावसाहेब मागे वळले. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मला आयुष्यात इतका अपमान क्वचितच वाटला असेल. "सर, तुटायचं काहीच कारण नाही," मी म्हणाले. "मी एकेक गोष्ट तपासलीय." आणि पुढे वाकून, छताच्या त्या जाळीकडे तोंड करून म्हणाले, "शिराळकर सर, मी इरळे बोलतेय, साहेबांच्या गाडीतून. माझा आवाज येतोय ना स्वच्छ?"

पलीकडे शांतता झाली. त्या शांततेत ध्वजाची दोरी खांबावर वाजत असलेली मला ऐकू आली, इतकी ती जोडणी उत्तम झाली होती.

"येतोय, मॅडम," सर म्हणाले. "तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय."

"मग ऐका," रावसाहेब म्हणाले. "उद्याची ती फिजिक्सची जागा. आमच्या धाकट्या साडूंचे जावई येणारेत मुलाखतीला. त्यांना घ्यायचं. तज्ज्ञांशी माझं झालंय बोलणं, तुम्ही फक्त आडवे येऊ नका. काय?"

पलीकडे दोरी खांबावर वाजत राहिली.

"तासिकेवर कोण बाई आहेत म्हणून तुम्ही मागं सांगत होता, फार हुशार आहेत म्हणून. असतील. त्यांना ठेवा की तासिकेवर, नाही कोण म्हणतंय? ऐकू आलं का?"

"साहेब, त्या बाई..."

"काय त्या बाई?"

मेहबूबभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. मी आबांचा फोटो दोन्ही हातांनी धरला होता.

"काही नाही, साहेब," शिराळकर सर म्हणाले. "ऐकू आलं."

फोन बंद झाला. रावसाहेब मनापासून खूश झाले होते. या गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा एका दमात काम झालं, म्हणाले. नाहीतर काय, माणसं हो हो करतात आणि करतात भलतंच. मी कमान सांगितली तर यांनी नळ काढले, मी ग्रंथालयाला कुलूप घाला म्हणालो तर यांनी उलट वेळ वाढवली. आता बघतो एकेकाला. मग ते मागे वळून आपुलकीने म्हणाले, "काम चोख केलंत, मॅडम. नाव काय म्हणालात?"

मी नाव सांगितलं.

"लक्षात ठेवतो," रावसाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. तासिकेवरची ती बाई मीच, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

कॉलेजचं फाटक आलं. मैदानाच्या मध्यावर, चौथऱ्यावर, शिराळकर सर अजून उभे होते. फोन त्यांच्या हातात खाली लोंबत होता. कमान अर्धी होती, आणि तिच्या मागे मुलींच्या खोलीबाहेरच्या नव्या नळावर दोघीतिघी बाटल्या भरत होत्या. मी त्या नळाकडे पाहत राहिले. रावसाहेब वयानुसार वगैरे काही बदलले नव्हते.

"मेहबूब, मॅडमना उतरवून आबांना जागेवर लाव," रावसाहेब म्हणाले. "मोकळं मोकळं वाटतंय."

मेहबूबभाई वळले. जागा कोणती, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं ते वाक्य माझ्यापाशी तयार होतं.

"मी लावते," मी म्हणाले. "होते तिथेच ना, सर?"

"मग? आणखी कुठं जाणार ते?"

मेहबूबभाईंनी कप्प्यातून स्पंजाच्या पट्टीचं नवं रीळ काढून न बोलता माझ्या हातात दिलं. मी चारी बाजूंनी पट्टी लावली, मध्ये एक जादा लावली आणि संस्थापकांना त्यांच्या जागी परत बसवलं. रावसाहेबांनी वर पाहून हात जोडले. गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. तज्ज्ञांनी मला सोपे प्रश्न विचारले. ज्यांना घ्यायचंच नसतं, त्यांना अवघड विचारायचे कष्ट कुणी घेत नाही. शिराळकर सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. साडूंचे जावई बाहेर बाकावर बसले होते. बिचारे घामाघूम झाले होते. त्यांनी मला ध्वनीच्या धड्यातलं एक सूत्र विचारलं आणि मी ते सांगितलं. जूनमध्ये मी तासिकेवर परत गेले नाही. बार्शीला एका खासगी शिकवणीत लागले आणि पुढे माझी स्वतःची झाली.

शिराळकर सर भेटले ते बऱ्याच वर्षांनी, सांगलीत एका लग्नाच्या पंगतीत. निवृत्त झाले होते, वाकले होते. मला पाहून उठू लागले, तर मीच त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या गुरुवारबद्दल बोलायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी त्यांना मठ्ठा वाढायला वाढप्याला हाक मारली.

मग ते म्हणाले, "एक मला कधी समजलं नाही, मॅडम. तुम्ही गाडी दुरुस्त केलीत. मी स्वतः ऐकलं, स्वच्छ आवाज होता. आणि त्याच संध्याकाळी साहेबांनी वाटेतून फोन केला, तर पुन्हा तेच. रांजण."

"त्यांना सांगितलंत?"

"कसं सांगणार? फिजिक्सच्या मॅडमनी तपासलंय, असं ते सगळीकडे सांगत सुटले होते. अक्कांनी पुन्हा विहिरीचं काढलं, तर म्हणाले, अक्काचे कान गेले. त्यांना कानाचं यंत्र करून दिलं. चांगलं, परदेशी." सर हसले. मग त्यांनी पानातली जिलेबी मोडली. "पुढच्या वर्षी केमिस्ट्रीची जागा निघाली. आदल्या दिवशी साहेब पुष्कळ वेळ काहीतरी बोलले. मी चौथऱ्यावर उभं राहून हो साहेब, हो साहेब म्हटलं. समितीने एका परटाच्या मुलीला घेतलं. सोनं आहे ती मुलगी. आज विभागप्रमुख आहे."

मी म्हणाले, छान झालं.

"पण दोष तरी काय होता त्या गाडीत? फार अवघड होता का?"

"नाही, सर," मी म्हणाले. "कोपरे तेवढे नीट दाबावे लागले."